९०० रुपयांचा ओबीडी स्कॅनर आणि गाडीची टायमिंग चेन: आठ महिने वापरून

जानेवारीत ऑनलाइन ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या पोर्टला लावला की बिघाडाचे कोड मोबाइलवर दाखवतो) मागवला तेव्हा बाबा म्हणाले, मग मिस्त्री कशाला ठेवलाय. आता आठ महिने झालेत म्हणून लिहितोय.

गाडी डिझेल एसयूव्ही, १ लाख ४२ हजार किलोमीटर. त्रास असा की थंड असताना नीट सुरू व्हायची पण गरम झाली की सहा-सात सेकंद सेल्फ मारावा लागायचा, आणि एकदा कसारा घाट चढून वर चहाला थांबलो तर परत सुरूच होईना. अर्ध्या तासाने झाली. चेक लाइट पेटलेलाच.

स्कॅनरने कोड दिला पी०३४०, म्हणजे कॅमशाफ्ट (वाल्व उघडणारा दांडा) सेन्सरचं सर्किट. मिस्त्री म्हणाला सेन्सर गेला, बदलला, लोकल ४५० चा. चार दिवसांनी तोच कोड परत! इथे माझीच चूक, कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणजे सेन्सरच खराब असं नसतं. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) फक्त एवढंच सांगतो की त्या वायरवरून मला हवा तसा सिग्नल येत नाहीये. मग वायरमनकडे गेलो, त्याने सेन्सरचा कपलर (वायरचा जोड) काढला तर आत इंजिन ऑइल, पिना काळ्याभोर. स्वच्छ केल्या, मीटर लावला, एका पिनला ५ व्होल्ट, एक अर्थ, आणि तिसरीवर इंजिन हाताने फिरवलं की शून्य-पाच, शून्य-पाच. म्हणजे वायरिंग ओके. कंपनीचा सेन्सर टाकला, १४०० गेले, गरम स्टार्टिंग एकदम सुधारलं.

दीड महिना शांत. मग पी००१६ आला. हा वेगळा प्रकार, यात दोन्ही सेन्सरचे सिग्नल येतात पण क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) आणि कॅमचा मेळ बसत नाही. क्रँकचे दोन फेरे तेव्हा कॅमचा एक, हे गणित दोघांना जोडणारी टायमिंग चेन सांभाळते. चेन ताणते म्हणजे रबरासारखी नाही, कड्यांच्या पिना झिजतात आणि थोडी थोडी करत लांबी वाढते, मग कॅम मागे पडतो. आणि मला आठवलं की सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड यायची, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखी, मी ती डिझेलची म्हणून सोडून दिलेली. रात्रभर गाडी उभी राहिली की चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरमधलं ऑइल उतरतं, प्रेशर येईपर्यंत चेन सैल वाजते. बॉनेट उघडून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा, कान द्या, फुकट टेस्ट आहे.

कव्हर उघडलं तर टेन्शनरचा दांडा जवळजवळ पूर्ण बाहेर आलेला, गाइडच्या (चेन ज्यावरून सरकते ती पट्टी) प्लॅस्टिकमध्ये चेनची खोल चरी, आणि चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) खोलला तर तळाशी नखाएवढे प्लॅस्टिकचे तुकडे. अजून चालवली असती आणि चेनने दात सोडला असता तर वाल्व पिस्टनवर आपटून हेडचं काम निघालं असतं. पूर्ण किट, ऑइल, मजुरी धरून ३८ हजार झाले. ऑइल मी १० च्या जागी १५ हजार किलोमीटरला बदलत होतो, त्यामुळे कोणावर चिडायला जागा नाही.

आता स्कॅनरबद्दल. कोड वाचणं, पुसणं मस्त. फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणाची नोंद) सगळ्यात कामाचं, पी०३४० आला त्या क्षणी आरपीएम २३० होता म्हणजे सेल्फ मारतानाच सिग्नल हरवत होता हे त्यातूनच कळलं. पण कॅम-क्रँकचा अँगल फुकटच्या अ‍ॅपमध्ये माझ्या गाडीला दिसतच नाही, त्यासाठी गॅरेजचा मोठा स्कॅनर लागला. पोर्टमध्ये लावून ठेवू नका, पाच दिवस गाडी उभी होती तर बॅटरी झोपली. आणि कोड पुसून गाडी विकायला काढणारे आहेत, सेकंडहँड घेताना हे लक्षात असू द्या.

किट टाकून ६ हजार किलोमीटर झाले, कोड नाही. निदान शेवटचं बघितलं तेव्हा तरी नव्हता, कारण स्कॅनर सध्या मेहुण्याकडे आहे, दोन दिवसांत देतो म्हणून नेलाय, त्याला आता महिना झाला.