उडी मोजणारं ॲप: एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरल्यावर

मोबाईलच्या कॅमेऱ्यावरून उभी उडी मोजणारं एक ॲप गेल्या जूनपासून वापरतोय. रत्नागिरीत शाळा सुटल्यावर मुलामुलींना बास्केटबॉल शिकवतो, त्यांच्यासाठी घेतलं. वार्षिक वर्गणी खिशातून भरलीय, तेव्हा बोलायचा हक्क आहे. मोजायला उत्तम. संघ निवडायला मात्र याच्यावर जाऊ नका.

काम सोपं आहे. स्लो मोशनमध्ये पाय सुटल्याची आणि टेकल्याची फ्रेम आपण बोटानं निवडायची. हवेतल्या वेळेचा वर्ग, गुणिले ९.८१, भागिले ८, की आली उंची. अर्धा सेकंद म्हणजे साधारण ३१ सेंटीमीटर, ०.६ सेकंद म्हणजे ४४. सगळा खेळ फोनवर आहे. सेकंदाला २४० फ्रेम घेणाऱ्या फोनवर एक फ्रेम इकडेतिकडे झाली तर फरक अर्ध्या सेंटीमीटरचा, साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओवर तोच चार सेंटीमीटरचा. आणि गुडघे पोटाशी घेऊन टेकलं की आकडा फुगतो. ही युक्ती पोरांनी माझ्याआधी शोधली. आता टेकताना पाय सरळ नसतील तर उडी बाद.

पावसाळ्यात उघड्या सिमेंटच्या कोर्टावर शेवाळ धरतं, त्यामुळे सगळं आत, शाळेच्या सभागृहात. तिथे ॲप रडवतं. २४० फ्रेमला प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला उजेड अगदी थोडा, त्यात आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जुनी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. व्हिडिओवर काळे पट्टे सरकतात आणि टाच कुठे संपते ते कळत नाही. दाराजवळ, दिवसाउजेडी मोजणं हाच उपाय. बूट की अनवाणी हेही एकदा ठरवून टाका. आमची निम्मी पोरं कबड्डीची, त्यांना अनवाणीच मोकळं वाटतं.

आता खरा मुद्दा. पालक विचारतात, "सर, उंची आहे, उडी आहे, काय होईल का ओ याचं?" सतनाम सिंगचं नाव निघतंच. एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, आणि तिचे संघ नवे खेळाडू क्रमानं निवडतात तो ड्राफ्ट. २०१५ मध्ये डॅलसच्या संघानं त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतलं, एनबीएच्या ड्राफ्टमधला तो पहिला भारतीय. सात फुटांवर उंची, तरी एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. उलट निकोला योकिच २०१४ मध्ये ४१ वा निवडला गेला. उडी ही त्याची ओळख कधीच नव्हती, आणि तो तीनदा एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, झाला. २००७ च्या कंबाईनला, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणी शिबिराला, केविन ड्युरंटला १८५ पौंडांचा (सुमारे ८४ किलो) बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणं झोपून वजन वर ढकलणं, एकदाही जमला नव्हता. तरी त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं, कारण त्याचा नेम आणि हातांचा पल्ला घेणाऱ्यांना दिसत होता.

कंबाईनमध्ये उडीबरोबर उभ्यानं हात वर केल्यावरची पोहोचही मोजतात. ॲपमध्ये तो रकानाच नाही. रिंग ३.०५ मीटरवर असते. २.३० पोहोच असलेला मुलगा ३५ सेंटीमीटर उडून २.६५ ला हात लावतो, २.१० वाला ५० उडाला तरी २.६० लाच. ॲपच्या यादीत मात्र दुसरा वर. मी भिंतीवर टेप चिकटवून पोहोच मोजतो आणि वहीत बेरीज करतो.

त्याहून घातक म्हणजे वयोगटातली श्रेणी. ॲप जन्मतारीख बघतं, शरीर बघत नाही. झपाट्यानं उंच होण्याचा काळ मुलांना सरासरी चौदाच्या आसपास येतो, मुलींना बाराच्या, आणि दोन्हीकडे पुढेमागे बरंच. मिसरूड फुटलेला चौदा वर्षांचा मुलगा त्याच वर्गातल्या कोवळ्या मुलापेक्षा उंच उडणारच, त्यात गुणवत्ता किती हे आज सांगता येत नाही. एनबीएचा अँथनी डेव्हिस हायस्कूलात आधी गार्ड होता, म्हणजे चेंडू पुढे नेणारा, सहसा संघातला कमी उंचीचा खेळाडू, मग भराभर वाढला आणि २०१२ ला ड्राफ्टमध्ये पहिला आला. चेंडू हाताळायची सवय त्या लहान दिवसांतली. तेव्हा त्याला फक्त आकड्यावर वगळलं असतं तर? म्हणून दर तिमाहीला मी उंची, बैठी उंची आणि वजन घेतो. कोण अजून वाढणार आहे याचा अंदाज त्यातून बरा लागतो. वाढीच्या काळात काहींची उडी अडते, कधी कमीही होते. आलेख खाली गेला म्हणून एका मुलाचा चेहरा पडला, तेव्हापासून श्रेणीचं पान मी मुलांना दाखवत नाही.

पैसे वसूल झाले ते भलत्याच गोष्टीत. रात्रीच्या कबड्डी स्पर्धा खेळून आलेल्या मुलाची उडी दुसऱ्या दिवशी त्याच्याच नेहमीच्या आकड्यापेक्षा चार-पाच सेंटीमीटर खाली येते. तोंडानं तो "काय नाय सर" म्हणतो, पाय खरं सांगतात. त्या दिवशी त्याला फक्त बास्केटमध्ये चेंडू टाकायचा सराव.

उंचावरून उतरून लगेच परत उडायची चाचणीही चांगली आहे, जमिनीवर पाय किती वेळ राहिला ते दिसतं. रिबाउंडला, म्हणजे रिंगवरून परत आलेला चेंडू पकडायला, दुसरी उडीच कामाला येते. पण आमची सगळ्यात जास्त रिबाउंड घेणारी मुलगी उडीत खालून तिसरी आहे. ती चढाईपटू, समोरच्याचा खांदा बघून आधीच सरकते आणि एका पावलात थांबते. हे कुठलंच ॲप मोजत नाही. त्यासाठी सामना बघत बसावं लागतं.

वर्गणी परत भरणार, पण संघाचा महागडा प्लॅन नको, एकट्याचा पुरतो. नावं वहीत ठेवली की झालं. फोन जुना असेल तर पैसे घालवू नका. बोटाला खडू लावून भिंतीवर उभ्यानं एक खूण, उडून एक खूण, मधलं अंतर पट्टीनं मोजा. पोहोचही त्यातच कळते.