बॅटरी डिकीत नेल्यावर पोलोचं सस्पेन्शन: भोसरीतल्या काकांकडचा अनुभव

माझी रॅलीची पोलो, आपल्या चाकणला बनलेलीच. यंदा बॅटरी डिकीत नेली, वॉशरची टाकी मागे घेतली आणि कच्च्या रस्त्यांसाठी दुसरी स्टेपनी टाकली. नाक हलकं झालं की वळेल छान असं वाटलेलं, झालं भलतंच, डावीकडे वळताना गाडी सरळ पळायची आणि उजवीकडे मागून सुटायची. आधी एका दुसऱ्या गॅरेजला नेली, त्यांनी काहीही न मोजता मागचे शॉकर कडक करून दिले आणि पैसे घेतले, मग तर खडीवर मागची चाकं नुसती उडायला लागली, नॅव्हिगेटरला, म्हणजे शेजारी बसून पुढची वळणं सांगणाऱ्याला, वळणांच्या नोट्स वाचता येईनात. फार वाईट वाटलं होतं तेव्हा.

मग एका मित्राने भोसरी एमआयडीसीतल्या ह्या काकांकडे पाठवलं. शॉकरचे क्लिक, म्हणजे तो कमी-जास्त कडक करायच्या खाचा, किती ठेवायचे विचारलं तर म्हणाले, "आधी वजन करू, क्लिकचं नंतर बघू." चार चाकांखाली चार वजनकाटे मांडले आणि गवंडी लोक वापरतात ती पाण्याची लेव्हल नळी घेऊन चारही एका पातळीत आहेत का ते तपासलं, एका काट्याखाली पत्र्याचा तुकडा सरकवला. टायरची हवा सारखी, टाकी अर्धी, माझ्या आणि नॅव्हिगेटरच्या सीटवर आमच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या, अँटी रोल बारची (वळणात गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी दांडी) लिंक सोडलेली. गाडी दोनचार वेळा दाबून हलवली आणि मगच आकडे लिहून घेतले.

पुढे डावं २८८, उजवं ३१२, मागे डावं २२६, उजवं २१४, एकूण १०४० किलो. पुढचं उजवं अधिक मागचं डावं, म्हणजे तिरपं वजन, ५३८, एकूणच्या जवळपास ५१.७ टक्के, हवं होतं ५०, आणि डावी-उजवीकडे गाडी वेगळी वागायची ती ह्याच्यामुळेच! काकांनी त्या दोन कोपऱ्यांच्या स्प्रिंगच्या रिंगा (ज्यांवर स्प्रिंग टेकते त्या) जराशा खाली घेतल्या, उरलेल्या दोन वर. परत वजन केलं तर २९७, ३०३, २१७, २२३, म्हणजे तिरपं वजन बरोब्बर ५० टक्के. पुढचं एकूण ६०० आणि मागचं ४४० मात्र तसंच राहिलं, रिंग फिरवून ते बदलत नाही, त्यासाठी सामानच हलवावं लागतं, हे त्यांनी कागदावर आकडे मांडून समजावलं.

बॅटरी-सामान हलवण्याआधी मागे ४०० किलो होते, म्हणजे १० टक्के वाढले. तेवढ्यासाठी मागच्या ४० न्यूटनच्या (एक मिलिमीटर दाबायला लागणारं बळ) स्प्रिंग काढून ४५ च्या टाकल्या, रिबाउंड (शॉकर परत उघडतानाचा विरोध) फक्त दोन क्लिक वाढवला, आणि त्या गॅरेजने पिळून ठेवलेलं कॉम्प्रेशन (दाबला जातानाचा विरोध) सोडलं. उंची बदलली की टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, पण बदलतो म्हणून अलाइनमेंट शेवटी केली, लिंकही गाडी जमिनीवर उभी असतानाच जोडली म्हणजे बारवर ताण राहत नाही.

कॉर्नर वेट (चारही चाकांवरचं वजन जुळवणं) आणि अलाइनमेंटचे साडेसात हजार, स्प्रिंगचे वेगळे. दोन दिवस सांगून पाच लावले आणि फोन उचलत नाहीत, हे मात्र सुधारायला पाहिजे.

रविवारी शिरूरकडच्या कच्च्या पट्ट्यावर नेली. एकच वळण दोन्ही बाजूंनी घेतलं, गाडी दोन्हीकडे सारखीच वागली आणि नॅव्हिगेटरने पहिल्यांदाच सगळ्या नोट्स न अडखळता वाचल्या. जाणार असाल तर नॅव्हिगेटरचं हेल्मेटसकट वजन लिहून न्या, काका तेच पहिलं विचारतात.