डेबियनचं आप्ट : माझा अनुभव

फोंड्यात आमचं झेरॉक्सचं दुकान आहे, दोन्ही कॉम्प्युटर डेबियनवर, म्हणजे एका फुकट लिनक्स सिस्टीमवर. त्यात सॉफ्टवेअर टाकायचं, काढायचं, अपडेट करायचं काम आप्ट हा प्रोग्राम करतो. गेल्या पावसात डेबियन १२ वरून १३ वर गेलो, सोर्सेसमध्ये (सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं त्या यादीत) बुकवर्मच्या (१२ चं नाव) जागी ट्रिक्सी (१३ चं नाव) लिहिलं, आप्ट अपडेट, मग आप्ट फुल-अपग्रेड या कमांड दिल्या, आणि पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) इन्स्टॉल होत असतानाच लाईट गेली, यूपीएसनेही दगा दिला. पोटात गोळाच आला, सकाळी पोरं प्रोजेक्टच्या प्रिंटा काढायला येणार होती. लाईट आल्यावर आप्टनेच स्क्रीनवर सांगितलं की डीपीकेजी (पॅकेजेस प्रत्यक्ष बसवणारा आतला प्रोग्राम) मध्येच थांबलंय, 'सुडो डीपीकेजी --कन्फिगर -ए' चालव. चालवलं, अर्धवट राहिलेली पॅकेजेस एकेक करून सेट झाली, मग परत फुल-अपग्रेड दिलं तर आधी उतरलेलं काही परत डाउनलोड करावं लागलं नाही. एवढं भरवशाचं काम मी दुसरीकडे बघितलं नाही खरंच!

१३ मधलं आप्ट ३ तर आणखी आवडलं, काढली जाणारी पॅकेजेस लाल रंगात दाखवतं, त्यामुळे वाय दाबायच्या आधी ती यादी नीट वाचाच. ऑटोरिमूव्हच्या (आता गरज नसलेली पॅकेजेस काढायच्या) वेळी पण वाचा. मेसेज मराठीत नीट आले तर बरं होईल, बाबांना इंग्रजी जमत नाही. बाकी पाचपैकी पाच.