प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर 'ताकदीचं' औषध: ७२ हजारांना पडलेली आपुलकी

ह्यांचं प्रोस्टेट कॅन्सरचं ऑपरेशन पुण्यातच झालं. पीएसए, म्हणजे रक्ततपासणीतला या कॅन्सरचा माग देणारा आकडा, खाली आला, नातेवाईक म्हणाले, सुटलात. लघवीवर ताबा यावा म्हणून व्यायाम शिकवले, डायपर कुठला घ्यायचा तेही सांगितलं. पण नवरा-बायको म्हणून पुढे काय, यावर हॉस्पिटलात कोणी अवाक्षर काढलं नाही. साठी उलटलेल्या बाईनं ते विचारायचं तरी कसं?

तो प्रश्न आम्हाला सगळ्यांत आधी विचारला एका ठगानं.

फॉलोअपला बाकावर बसलो होतो. शेजारी चाळिशीतला माणूस, मांडीवर फाइल. "काका, प्रोस्टेट का? माझ्या सासऱ्यांचंही तेच." मी चहा आणायला गेले तेवढ्यात तो 'त्या' विषयावर आला. परतले तर हे चक्क मोकळेपणी बोलत होते, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. सासऱ्यांना पेठेतल्या एका वैद्यांचा गुण आला म्हणे. नुसता पत्ता दिला नाही, स्वतः सोबत आला. त्याचंही तिकडेच काम होतं!

वैद्यांनी नाडी पाहिली आणि शिलाजीत, सुवर्णभस्म अशी चिठ्ठी लिहिली. ती औषधं त्यांच्याच दुकानात. भाव विचारला तर "अठराशे". आम्हाला वाटलं, सगळ्याचे. खलात सगळं एकत्र घोटून झाल्यावर कळलं की अठराशे ग्रॅमला, आणि माल ४० ग्रॅम. ७२,००० रुपये. "आता मिसळलंय, परत कसं घेणार?" वर तो सोबतचा खिशात हात घालून म्हणतो, "काका, कमी पडत असतील तर मी घालतो." या वाक्यानं ह्यांना लाज वाटली आणि कार्ड बाहेर आलं. पावतीवर नुसतं 'जडीबुटी', पुडीवर ना बॅच नंबर, ना उत्पादन परवाना.

पैसे गेले ते गेले. पण पावडर घेतल्यावर ह्यांचा चेहरा लालबुंद झाला, नाक चोंदलं, डोकं ठणकायला लागलं, उठले तर तोल गेला. ह्यांना हृदयासाठी नायट्रेटची गोळी चालू आहे. यूरोलॉजिस्ट ऐकून गंभीर झाले. अशा 'आयुर्वेदिक' पावडरींत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, मिसळलेलं सापडतं, आणि नायट्रेटबरोबर ते गेलं तर रक्तदाब इतका कोसळतो की जीवही जाऊ शकतो. टेस्टोस्टेरॉन वाढवणारं काही असेल तर या कॅन्सरला आयतंच खाद्य.

मग त्यांनी नीट समजावलं. ताठरता आणणाऱ्या नसा प्रोस्टेटला चिकटूनच जातात. त्या वाचवल्या तरी सावरायला दोन वर्षंही लागू शकतात. रेडिएशनचा परिणाम हळूहळू, कधी वर्षांनी दिसतो; हॉर्मोनच्या इंजेक्शननं तर इच्छाच मंदावते. ताठरतेसाठी गोळ्या आहेत (नायट्रेटवाल्यांना नाहीत), व्हॅक्यूम पंप आहे, इंजेक्शन आहे, शेवटी इम्प्लांट आहे. तरुण रुग्णांनी केमोच्या आधीच वीर्य गोठवून ठेवावं, हेही तेव्हाच कळलं. सगळं मिळून दहाएक मिनिटांचं बोलणं. "आधी का नाही सांगितलंत?" तर म्हणाले, "तुम्ही विचारलं नाहीत." त्या उत्तराचा राग मला दुकानदारापेक्षा कमी नाही.

लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी दुकानाबाहेर पाटी होतीच. तिचा फोटो, पावती आणि उरलेली पुडी घेऊन एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे, गेलो. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. व्यवहारापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. कार्डानं पैसे दिले होते म्हणून बँकेची नोंद तरी हाती आहे. रोख दिले असते तर त्या कच्च्या पावतीवर भांडायचं होतं. तारीख अजून लागलेली नाही.