तो सुभद्रा, ती अर्जुन: येऊ घातलेल्या एका कादंबरीबद्दल

एका नव्या ऐतिहासिक कादंबरीची प्रकाशनाआधीची प्रत वाचायला मिळाली, नाव अजून जाहीर झालेलं नाहीये म्हणून मी पण लिहीत नाही, पण संगीत नाटकावर जीव असेल तर ही सोडू नका एवढं आधीच सांगतो.

गोष्ट दोन नाटकवाल्यांच्या प्रेमाची. तो स्त्रीपार्टी नट, म्हणजे बायकांची कामं करणारा पुरुष, आणि ती फक्त बायकांच्या कंपनीत पुरुषपार्ट करणारी. बाई आणि पुरुष एका स्टेजवर म्हणजे तेव्हा अब्रूचाच प्रश्न, म्हणून अशा बायकांच्या कंपन्या खरंच होत्या आणि त्यात राजे, नायक सगळं बायकाच करायच्या. तर हा सुभद्रा, ती अर्जुन, दोघांना अर्जुन-सुभद्रेच्या लग्नाचं अख्खं संगीत नाटक 'सौभद्र' पाठ आणि एकत्र प्रयोग काही करता येत नाही. काय जागा शोधलीय लेखिकेनी! एका गावात दोन्ही कंपन्यांचे मुक्काम पडतात, पहाटे बिऱ्हाडात सगळे झोपलेले असताना हे दोघं हळू आवाजात प्रवेश म्हणून बघतात, तिचं वाक्य येतं आणि हा अंगात सदरा असून खांद्यावरचा पदर सावरायला हात नेतो, पदर नाहीच, आणि ती तो हात तिथेच धरून ठेवते. अख्ख्या पुस्तकात प्रेमाचं एवढं मोठं पान दुसरं नाही, आणि त्यात प्रेम हा शब्दच नाहीये.

आता नाशिकचं प्रकरण. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, किर्लोस्कर मंडळींचं 'शारदा' नाटक, कलेक्टर जॅक्सनचा निरोपाचा खेळ आणि अनंत कान्हेरेंनी त्याच्यावर झाडलेल्या गोळ्या. आपण नाशिककर हे लहानपणापासून ऐकत आलोय, त्यामुळे मला वाटलं परत तेच सगळं येणार, पण इथे आपण आत रंगपटात, म्हणजे नटांच्या मेकअपच्या खोलीत बसलेलो असतो, नायक तेव्हा कंपनीतलं पोरगं, अर्ध्या तोंडाला रंग लागलेला, बाहेर आवाज झाला तर त्याला आधी फटाकेच वाटतात. नंतर तो रंग पुसायचा की तसाच ठेवायचा हे त्याला कोणी सांगतच नाही. जबरदस्त लिहिलंय, मी हे प्रकरण लगेच परत वाचलं.

खटकलं ते पण सांगतो. पत्रं. भेटीतले संवाद अस्सल त्या काळातले आणि पत्रात मात्र दोघं आजच्या सिरीयलसारखं बोलतात, "मला समजून घे" वगैरे. त्यात तो तिला पत्रात अरेतुरे करतो आणि समोर आल्यावर अहोजाहो, हे तर संपादकांनी बघायलाच हवं होतं. दुसरं म्हणजे शेवट फारच पळवलाय. १९३२ ला 'अयोध्येचा राजा' आला, मराठी बोलपट सुरू झाला, नाटक कंपन्या कर्जात बुडायला लागल्या, १९३३ ला 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात बायकांची कामं बायकांनीच केली, म्हणजे ज्या गोष्टीसाठी हे दोघं आयुष्यभर झुरले ती आता राजरोस होतेय आणि याचं स्त्रीपार्टचं वय केव्हाच गेलंय. हा खरा घाव आहे हो, त्याला तीन-चार पानं कशी पुरतील? इथे निदान एक मोठं प्रकरण पाहिजेच होतं.

तरीपण घ्या. पदं माहीत नसतील तर वाचायच्या आधी 'सौभद्र'ची जुनी रेकॉर्डिंग ऐकून घ्या, बिऱ्हाडातला तो प्रवेश दुप्पट कळेल. आणि छपाईला अजून वेळ असेल तर प्रकाशकांनी ती पत्रं तेवढी एकदा नीट करून घ्यावीत ही मनापासून विनंती.