रॉशफोर १०: चार वर्षे, १९ बाटल्या आणि तळाचा गाळ

रॉशफोर १० ही बेल्जियन बिअर जुनी झाल्यावर बिघडते, असा माझा निष्कर्ष गेल्या फेब्रुवारीत पक्का झाला होता आणि तो मी दोन-तीन मित्रांना ठामपणे सांगूनही टाकला होता. गेल्या शनिवारी एकोणिसावी बाटली उघडल्यावर तो मागे घ्यावा लागला. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. ही ट्रॅपिस्ट बिअर आहे, म्हणजे ट्रॅपिस्ट पंथाच्या ख्रिस्ती मठात, तिथल्या साधूंच्या देखरेखीखाली बनणारी. बेल्जियमच्या नामूर प्रांतातल्या सेंट रेमी मठातली, निळ्या झाकणाची, ११.३ टक्के मद्यार्काची ही गडद एल (उबदार तापमानात आंबवलेली बिअर). लाल झाकणाची ६ आणि हिरव्या झाकणाची ८ ही तिची धाकटी भावंडे. हा १० चा आकडा मद्यार्काचा नाही, तर आंबवण्यापूर्वीच्या रसाचा दाटपणा मोजण्याच्या जुन्या बेल्जियन मापाचा आहे, एवढेच नवख्यांसाठी सांगून पुढे जातो.

मी बेल्जियममधल्या ल्यूव्हेन शहरात राहतो. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये २४ बाटल्यांचा एक क्रेट घेतला, तो केवळ हिशेबापोटी. शहरातल्या एका दुकानात हीच बिअर पाच वर्षे जुनी म्हणून ताज्या बाटलीच्या चौपट किमतीला ठेवलेली होती. तळघर आपल्याकडेही आहे आणि वेळ तर फुकटच मिळतो, तर मग दुसऱ्याच्या तळघराचे भाडे आपण का भरावे, असा विचार केला. बाटलीवर मुदतीची जी तारीख असते, ती भरल्यापासून साधारण पाच वर्षांची असते. त्यावरून माझ्या बाटल्या २०२१ च्या उन्हाळ्यात भरलेल्या होत्या असे दिसते. १८ बाटल्या इमारतीच्या तळघरात उभ्या ठेवल्या आणि सहा हाताशी असाव्यात म्हणून स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवल्या. प्रत्येक बाटलीची नोंद वहीत केली आहे.

पहिल्या वर्षाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. ताजी रॉशफोर १० उत्तम असते, पण ती अंगावर येते. सुके अंजीर, काळा मनुका, कडवट कोको, किंचित केळ्याचा सुगंध आणि मागे धण्याची पुसट छटा (यात धणे खरोखरच घालतात) हे सारे पहिल्या घोटात एकदम दाटी करतात आणि त्यावर मद्यार्काची ऊब घशाला लागते. फेस दाट, बदामी रंगाचा आणि चषकाच्या काठाला बराच वेळ चिकटून राहणारा. तक्रार होती ती एकाच गोष्टीची, आणि तिच्याबद्दल मी या चार वर्षांत इतका विचार केला आहे की घरात तो थट्टेचा विषय झाला आहे. ती गोष्ट म्हणजे बाटलीच्या तळाचा गाळ.

ही बिअर बाटलीत पुन्हा आंबते, त्यामुळे तळाशी यीस्टचा थर बसतो. ओतताना तो वर येऊ नये म्हणून शेवटचा थोडा भाग बाटलीतच ठेवायचा, असा रिवाज आहे. हा थोडा भाग म्हणजे किती, ते मी खोकल्याच्या औषधाबरोबर येणाऱ्या मापाने मोजले. सुरुवातीच्या बाटल्यांत तो सरासरी १५ मिलिलिटर भरला. २४ बाटल्यांचे झाले ३६० मिलिलिटर, म्हणजे ३३० मिलिलिटरच्या एका पूर्ण बाटलीपेक्षाही जास्त. क्रेट घेताना २४ बाटल्यांचे पैसे मोजायचे आणि प्यायच्या जेमतेम २३, हा हिशेब माझ्या पचनी पडला नाही. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त फ्लेमिश (डच बोलणाऱ्या बेल्जियन) शेजाऱ्यांकडे मी हे दुःख व्यक्त केले, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले की त्यांचे वडील तो गाळ वेगळ्या लहान ग्लासात घेऊन शेवटी पीत असत आणि प्रकृतीला चांगला म्हणत असत. यीस्टमध्ये ब जीवनसत्त्वे असतात, हे खरेच आहे. मी लगेच ती पद्धत उचलली. ताज्या बाटलीतला गाळ तसा निरुपद्रवीच लागतो. चव ओल्या पावासारखी, जरा कडसर, पण एका घोटात संपणारी.

२०२२ च्या जुलैत बेल्जियममध्ये पारा चाळिशीच्या जवळ गेला होता आणि आमचे स्वयंपाकघर पश्चिमेकडे तोंड करून आहे. त्या फळीवरच्या सहा बाटल्यांचे पुढे काय झाले, हे वेगळे सांगायला नको. सप्टेंबरात तळघरातली एक आणि फळीवरची एक अशा दोन बाटल्या शेजारी-शेजारी ठेवून प्यायलो. एकाच क्रेटमधल्या, एकाच तारखेच्या त्या बाटल्या असतील यावर कोणाचा विश्वास बसला नसता. फळीवरचीला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येत होता आणि अंजिराच्या जागी नुसती शिळी साखर उरली होती. उष्णतेने ऑक्सिडीकरणाचा वेग वाढतो हे वाचून माहीत होते. आता त्याची किंमतही कळली. उरलेल्या फळीवरच्या बाटल्या मी त्याच वर्षभरात संपवल्या, कारण टाकून देणे मला जमणारे नव्हते.

तळघरातल्या बाटल्यांमध्ये मात्र दीड वर्षापर्यंत काहीच घडले नाही, आणि आपण उगीच जागा अडवून बसलो आहोत असे वाटू लागले. केळ्याचा सुगंध गेला होता, कारण तो देणारी एस्टरे ही सुगंधी संयुगे काळाबरोबर विघटित होतात. हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा) कडवटपणाही उतरला होता. पण गेलेल्याच्या जागी नवे काही आलेले नव्हते. ते आले २०२४ च्या मे महिन्यात, चौदाव्या बाटलीत. माझी पत्नी बिअर पीत नाही, पण तिचे नाक माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे. तिने चषक नाकाशी नेला आणि म्हणाली, "अरे, हा तर मेथीच्या लाडवांचा डबा उघडलाय!"

ती तसे म्हणाली आणि मला दुसरे काही जाणवेचना. खारीक, गूळ, तळलेला डिंक आणि या सगळ्याच्या मागे मेथीचा तो गोडसर-कडू वास. आम्ही हसलो, पण नंतर वाचले तेव्हा कळले की हा योगायोग नव्हता. सोटोलोन नावाचे एक संयुग मेथीदाण्याच्या वासाला कारणीभूत असते आणि तेच संयुग पोर्तुगालच्या मदेरा बेटावरच्या जुन्या वाइनमध्ये, फ्रान्सच्या ज्युरा भागातल्या पिवळ्या वाइनमध्ये आणि मुरलेल्या गडद बेल्जियन बिअरमध्येही तयार होते. इकडचे जाणकार याच चवीला शेरीची (स्पेनमधली एक मुरवलेली वाइन) किंवा मदेराची चव म्हणतात. ज्याच्या घरी थंडीत मेथीचे लाडू वळले जातात, त्याला मात्र इतक्या लांब जाण्याची गरज नाही. त्या बाटलीला मी दहापैकी साडेनऊ गुण दिले. मद्यार्काची धार बोथट झाली होती, कोको मऊ झाला होता आणि चव घोट गिळल्यानंतरही बराच वेळ रेंगाळत होती. गाळाच्या बाबतीतही आनंदाची गोष्ट होती: थर इतका घट्ट बसला होता की केवळ सहा मिलिलिटर मागे ठेवून काम भागले. मुरण्याने चव तर सुधारतेच, शिवाय नऊ मिलिलिटर परत मिळतात, असे मी वहीत अधोरेखित करून ठेवले आहे.

ते सहा मिलिलिटरही मी नेहमीच्या पद्धतीने वेगळ्या ग्लासात घेतले आणि तिथे पहिला धक्का बसला. चव सरळ सोया सॉसची होती. खारट नव्हे, पण तशीच जड, मांसरसासारखी. यीस्टच्या पेशी मरून फुटतात तेव्हा त्यांच्यातले अमिनो आम्ल वगैरे बाहेर पडते आणि ही चव येते. त्या दिवसापासून गाळ पिणे बंद केले. टाकवतही नव्हता म्हणून एकदा फ्रीजरमध्ये साठवून मटणाच्या रश्श्यात घालून पाहिला. फ्लेमिश लोक गोमांस गडद बिअरमध्ये शिजवतात, तर आपणही तसेच करावे, असा विचार होता. तो रस्सा कडू झाला. गाळात हॉप्सचा कडवटपणा साठलेला असतो हे मला आधी सुचायला हवे होते. पत्नीने त्यावर काही भाष्य केले नाही, पण त्यानंतर फ्रीजरमधला तो डबा दिसला नाही.

यानंतरच्या तीन बाटल्यांनी माझे मत पार फिरवले. पंधरावी, सोळावी आणि सतरावी मी २०२४ चा नोव्हेंबर ते २०२५ चा फेब्रुवारी या काळात उघडली. तिन्हींमध्ये तीच सोया सॉसची चव, पण या वेळी ती गाळात नव्हती, तर थेट चषकातल्या बिअरमध्ये होती. रंग गढूळ, फेस ओतल्यावर मिनिटभरात बसणारा. वहीत मी लिहिले आहे: "तीन वर्षांनंतर ही बिअर संपली. उरलेल्या सात लवकर संपवाव्यात." मित्रांना सांगितले ते याच नोंदीच्या जोरावर.

अठरावी जुलैत उघडली, तीही नाइलाजाने, आणि ती उत्कृष्ट निघाली. एकाच क्रेटमधली, आणखी पाच महिने जुनी बाटली आधीच्या तीनपेक्षा चांगली कशी निघाली, हे कोडे सुटेपर्यंत मला चैन पडेना. वही मागे-पुढे चाळल्यावर लक्षात आले की जुन्या बाटल्यांपैकी वाईट त्या सगळ्या हिवाळ्यातल्या आणि चांगल्या त्या उन्हाळ्यातल्या होत्या. उन्हाळ्यात तळघर १८ अंशांपर्यंत तापते, म्हणून बाटली वर आणून दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये उभी ठेवावी लागते. हिवाळ्यात तळघर आपसूकच दहा अंशांवर असते. म्हणून मी बाटली उचलायचो, चार मजल्यांच्या ७२ पायऱ्या चढायचो आणि धापा टाकतच झाकण उघडायचो. तेवढ्या हिंदोळ्याने तळाच्या थराच्या खपल्या सुटून सगळ्या बिअरमध्ये मिसळत होत्या. पहिल्या दोन हिवाळ्यांत मी हेच करत होतो, पण तेव्हा गाळ ताजा होता, त्यामुळे फक्त पावाची चव यायची. आता त्याच गाळाचा सोया सॉस झाला होता. दोष बिअरचा नव्हता, माझ्या आळसाचा होता. इमारतीला उद्वाहक असता तर हे घडले नसते, असे म्हणण्याचा मोह होतो; पण घरभाडे ठरवताना उद्वाहक नसल्याचेच पैसे मी कमी करून घेतले होते.

शनिवारची बाटली ही परीक्षा होती. तीन दिवस आधी, कडेवरच्या लेकराला आणावे तशी वर आणली आणि बाल्कनीतल्या सावलीच्या कोपऱ्यात हलणार नाही अशी उभी ठेवली. ओतताना मागे विजेरी धरून बाटलीच्या मानेकडे पाहत राहिलो, बाटली एकदाही सरळ केली नाही (प्रत्येक वेळी सरळ करताना आत लाट उठते आणि तीच गाळ उचलते) आणि मानेत पहिला ढगाळ धागा दिसताच थांबलो. एका बाटलीचे दोन वाटे करायचे असतील, तर दोन ग्लास एकमेकांना चिकटवून ठेवावेत आणि बाटली तशीच तिरपी ठेवून एका ग्लासावरून दुसऱ्यावर सरकावे. बारा-तेरा अंशांवर प्यावी. फ्रिजमधून काढून लगेच प्यायलात तर मेथी आणि खारीक दोन्ही झोपलेलेच राहतात.

चषकात उतरलेली बिअर स्वच्छ, गडद तांबूस होती, उजेडात धरल्यावर काठाशी माणकासारखी. फेस ताज्या बाटलीच्या निम्माच, पण टिकला. मृत यीस्टमधून सुटणारी विकरे फेस धरणारी प्रथिने तोडतात, त्यामुळे पहिल्या वर्षाचा फेस परत येण्याची आशा नाही. गूळ आता काकवीकडे झुकला आहे. अंगाने बिअर किंचित सडपातळ झाली आहे, आणि शेवटी अक्रोडाच्या सालीसारखी तुरट छटा येते, जी मे २०२४ मध्ये नव्हती. साडेनऊ नव्हे, पण नऊ गुण निःसंकोच देईन. माझ्या तळघराच्या तापमानात हिचा सर्वोत्तम काळ अडीच ते साडेतीन वर्षांचा, असे आजचे मत आहे. स्थिर १२ अंशांचे तळघर ज्यांच्याकडे असेल, त्यांनी आणखी वर्षभर धीर धरावा.

शिमे या दुसऱ्या बेल्जियन ट्रॅपिस्ट बिअरची निळी बाटलीही मी अशीच ठेवून पाहिली आहे. १९४८ मध्ये नाताळसाठी प्रथम बनवलेली ही बिअर ९ टक्क्यांची, अंगाने हलकी, आणि माझ्या अनुभवात दोन वर्षांतच शेरीसारखी होऊन जाते. मुरवण्यासाठी रॉशफोर अधिक सोशिक आहे. फिकट, हॉप्सच्या सुगंधावर उभ्या असलेल्या बिअर मात्र कोणी ठेवू नयेत. त्यांचा सुगंधच आधी जातो आणि मागे काही उरत नाही.

शनिवारी बाटलीत मागे राहिलेला गाळ मोजला: १२ मिलिलिटर. सावधगिरीपायी पुन्हा जुन्या आकड्याकडे निघालो आहे. तो बेसिनमध्ये ओतला, बाटली दोनदा विसळली आणि दहा सेंटच्या अनामतीसाठी दाराशी ठेवली. तळघरात अजून पाच आहेत. पुढची फेब्रुवारीतल्या एका शनिवारी उघडेन आणि ती मंगळवारीच वर आणून ठेवेन.