सर्व्हरचा बॅकअप : ढकलायचा की ओढायचा?

भाड्याचा एक लिनक्स सर्व्हर आहे, त्यावर वेबसाइट आणि डेटाबेस. ऑफिसात एका जुन्या मशीनला दोन मोठ्या डिस्क लावून ठेवल्यात. रोज रात्री बॅकअप तिथे यायला हवा. अशा वेळी बहुतेक जण आधी टूल विचारतात: आरसिंक, बॉर्ग की रेस्टिक? माझ्या मते ते नंतर ठरवता येतं. सर्व्हरने बॅकअप ऑफिसकडे पाठवणं म्हणजे ढकलणं, ऑफिसच्या मशीनने तो सर्व्हरवरून आणणं म्हणजे ओढणं. दोन्हीत एक मशीन दुसऱ्यात एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरायच्या सोयीने, लॉगिन करतं, आणि त्यासाठी पासवर्डऐवजी की नावाची फाइल वापरतं. आधी ठरवा, ही किल्ली कुठल्या मशीनवर राहणार.

एसएसएचची प्रायव्हेट की पासफ्रेजने, म्हणजे लांब पासवर्डने, झाकता येते, पण रात्री दोनला क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा प्रोग्राम) चालतो तेव्हा पासफ्रेज टाइप करायला कोण बसणार? म्हणजे बॅकअपची की डिस्कवर उघडीच पडून राहणार. त्या मशीनमध्ये कोणी घुसलं, तर ती की घुसखोराची. मग तिने त्याला काय काय करता येतं, यावर सगळं अवलंबून.

सर्व्हरने बॅकअप ढकलायचा ठरवला, तर मांडणी सोपी होते. सर्व्हरला स्वतःच्या फाइल्स वाचायला कोणाला विचारावं लागत नाही. डेटाबेसचा डंप, म्हणजे फाइलमध्ये काढलेली प्रत, झाला की लगेच पाठवला. पण की सर्व्हरवर, आणि इंटरनेटकडे तोंड करून उभा तोच. आत शिरलेला माणूस त्याच कीने बॅकअपच्या मशीनवर जातो आणि आधी बॅकअप पुसतो. शिवाय ऑफिसचं मशीन बाहेरून दिसायला हवं, आणि आपल्याकडे इथेच घोडं अडतं. अनेक कनेक्शन्स सीजीनॅटच्या मागे असतात, म्हणजे एकच पब्लिक पत्ता कितीतरी ग्राहकांत वाटलेला. राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर 100.64 ते 100.127 यांच्यामधला पत्ता दिसला, तर पोर्ट फॉरवर्डिंगच्या, म्हणजे बाहेरून आतल्या मशीनपर्यंत वाट काढण्याच्या, मागे लागू नका.

ओढण्यात ही अडचण येत नाही. ऑफिसचं मशीन स्वतः सर्व्हरकडे जातं, ऑफिसात एकही पोर्ट उघडावं लागत नाही आणि सर्व्हरकडे बॅकअपपर्यंत पोचण्याचं काहीच साधन नसतं. सर्व्हरवरच्या ऑथोराइज्ड कीज फाइलमध्ये (कोणत्या कीला आत घ्यायचं याची यादी) ऑफिसच्या मशीनच्या कीसमोर ‘रिस्ट्रिक्ट’ लिहा (ओपनएसएसएच 7.2, म्हणजे 2016 पासून हा पर्याय आहे) आणि ‘कमांड’मध्ये आरसिंकसोबत येणारी आरआरसिंक ही स्क्रिप्ट फक्त-वाचन पद्धतीने बसवा. मग त्या कीने शेल, म्हणजे हव्या त्या आज्ञा द्यायची जागा, मिळत नाही, इतर मशीन्सकडे जायला टनेल काढता येत नाही. नेमून दिलेला फोल्डर तेवढा वाचता येतो. ‘फ्रॉम’ने आयपीचं बंधनही घालता येतं, पण ऑफिसचा पत्ता बदलता असेल तर एखाद्या रात्री बॅकअपच अडेल.

ओढण्याची दुखणी वेगळी. सगळ्या फाइल्स वाचायच्या तर रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, लागतो, आणि रूटची की देऊन टाकण्याचा मोह होतो. देऊ नका. सर्व्हरच्याच क्रॉनने डंप काढून एका फोल्डरमध्ये ठेवावा आणि बॅकअपच्या युजरला तेवढा वाचू द्यावा. चालू मायएसक्यूएल डेटाबेसचा डेटा फोल्डर तसाच उचलणं नाहीतरी धोक्याचं. टेबलं इनोडीबी प्रकारची असतील तर सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय लावून डंप घ्या. दुसरं म्हणजे, रॅन्समवेअरने सर्व्हरवरच्या फाइल्स कुलूपबंद केल्या, तर रात्री आरसिंक इमानेइतबारे तोच कचरा चांगल्या प्रतीवर ओढून आणेल. म्हणून ऑफिसच्या बाजूला झेडएफएस किंवा बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या क्षणाच्या गोठवलेल्या प्रती, हवेतच. तिसरं, तिथला डेटा सरळ वाचता येतो, तेव्हा डिस्क एन्क्रिप्ट करा. पाच सर्व्हर एकाच मशीनने ओढायला लागलात, तर ते मशीन चोरासाठी खजिना होतं.

ढकलण्यावाचून गत्यंतर नसेल, उदाहरणार्थ सर्व्हरच ऑफिसात आणि बॅकअप बाहेर, तर बॉर्ग किंवा रेस्टिक घ्या. दोन्ही पाठवण्याआधी डेटा एन्क्रिप्ट करतात, त्यामुळे परक्या जागी ठेवायची धास्ती कमी. दोघांतही ‘फक्त भर घाला’ अशी सोय आहे: बॉर्गमध्ये अपेंड-ओन्ली, रेस्टिकमध्ये त्याच्या रेस्ट सर्व्हरवर. बॉर्गची गोम मात्र लक्षात घ्या. अपेंड-ओन्लीमध्येही घुसखोर डिलीटची आज्ञा देऊ शकतो. डेटा लगेच जात नाही, नुसती नोंद होते. पण नंतर तुम्हीच पूर्ण अधिकाराने साफसफाई चालवलीत, तर त्याने पुसलेलं खरंच पुसलं जातं. त्यामुळे प्रून आणि कॉम्पॅक्ट या साफसफाईच्या आज्ञा क्रॉनवर सोडू नका. आधी अर्काइव्हची (एकेका बॅकअपची) यादी डोळ्यांखालून घाला.

आता व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून काढलेलं खासगी नेटवर्क. अनेक जण याला एसएसएचचा पर्याय समजतात. खरं तर हा त्याच्या पुढचा दरवाजा आहे. जुलै 2024 मध्ये ओपनएसएसएचमध्ये रेग्रेशएसएसएच ही लॉगिनच्या आधीच वापरता येणारी त्रुटी उघड झाली. ज्यांचं 22 नंबरचं पोर्ट (एसएसएचचं नेहमीचं) व्हीपीएनच्या आड होतं त्यांना पॅचसाठी धावपळ करावी लागली नाही. वायरगार्ड हे व्हीपीएन मार्च 2020 पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे आणि अनोळखी पॅकेटला उत्तरच देत नाही, त्यामुळे पोर्ट स्कॅन करणाऱ्याला ते जाणवतही नाही. एका टोकाला पब्लिक पत्ता असला की पुरे. दोन्ही टोकं सीजीनॅटमागे असतील तर वायरगार्डवरच उभी असलेली टेलस्केल ही सेवा सोपी पडते, पण कोणती मशीन्स एकमेकांना ओळखणार हे त्यांच्या कोऑर्डिनेशन सर्व्हरवरून ठरतं, हे मान्य असायला हवं. थेट जोडणी जमली नाही तर डेटा रिलेमार्गे, म्हणजे मधल्या सर्व्हरवरून, जातो आणि मोठा बॅकअप रांगत राहतो. व्हीपीएन आहे म्हणून सांबा शेअर (नेटवर्कवरचा सामायिक फोल्डर) कायमचा माउंट करून ठेवणं मात्र आत्मघातकी: रॅन्समवेअरला ती नुसती आणखी एक ड्राइव्ह दिसते.

क्लाउड बकेटबद्दल, म्हणजे क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या साठवणीबद्दल, थोडक्यात: ऑब्जेक्ट लॉक (फाइल ठरल्या मुदतीपर्यंत पुसू न देणारं कुलूप) कंप्लायन्स मोडमध्ये लावणार असाल तरच घ्या. अमेझॉनच्या एसथ्रीवर त्या मोडमध्ये मुदत संपेपर्यंत रूट अकाउंटलाही ती आवृत्ती पुसता येत नाही. याची गरज का, तर 2014 मध्ये कोड स्पेसेस या कंपनीचा क्लाउड कंट्रोल पॅनल घुसखोराच्या हाती गेला, त्याने बॅकअपसकट बहुतेक सगळं पुसलं आणि कंपनी बंद पडली.

तुमचा सर्व्हर क्लाउडवर आणि ऑफिसात मशीन असेल, तर मी ओढण्याच्या बाजूने आहे. वायरगार्ड त्यावर नंतर चढवलं तरी चालेल. पहिल्या खेपेला 100 जीबी ओढायचे असतील तर 50 एमबीपीएसच्या लाइनवर साडेचार तास तरी धरा, पुढे आरसिंक फक्त बदललेलं आणतं. होस्ट कीचा, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या कीचा, फिंगरप्रिंट होस्टिंगच्या कन्सोलवरून एकदा पडताळा. ती तपासणीच बंद करणारा पर्याय अनेक तयार स्क्रिप्टमध्ये असतो, तो काढून टाका. आणि बॉर्ग-रेस्टिक वापरलंत तर रिपॉझिटरीचा (एन्क्रिप्टेड बॅकअपच्या साठ्याचा) पासवर्ड सर्व्हरबाहेर, कागदावर ठेवा. तो हरवला तर बॅकअप उघडून द्यायला कोणीही नाही.